ताप उतरला, आता चौदा दिवस पुरे करा

एका ताईंचं पत्र आहे. थोडं कमी करून इथे देतो.

‘काका, आम्ही अशोक चौकाच्या पुढे राहतो. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. गेल्या आठवड्यात एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप यायला लागला. रक्त तपासलं तर मलेरिया निघाला, रिपोर्टवर व्हायवॅक्स लिहिलंय. दोन तऱ्हेच्या गोळ्या मिळाल्या. एक तीन दिवसांची, चार-चार-दोन. दुसरी छोटी, चौदा दिवस रोज एक. दोन्ही एकदमच चालू केल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. आज सहावा दिवस. आता ते म्हणतात, ताप गेलाय की, मळमळतंय, कशाला खाऊ? सासूबाई म्हणतात गोळ्या उष्ण पडल्यात, बंद कर. पहिले तीन दिवस पोटात आग पडायची म्हणून गोळीवर लगेच ॲसिडिटीचं पातळ औषध घेत होते, ते चालतं का? चिठ्ठीत जी-सिक्स-पीडी नावाची एक तपासणीही होती, ती पैशापायी राहून गेली. आणि माझ्या जाऊबाईंना पाचवा महिना आहे, त्यांना कालपासून कणकण आहे. सासूबाई म्हणतात, ह्याच्या उरलेल्या गोळ्या तिला दे, दुखणं तर एकच आहे. देऊ का?’

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याला थांबायला वेळ नाही. देऊ नका. एकही गोळी देऊ नका.

तुमच्या मिस्टरांची ती छोटी गोळी म्हणजे प्रायमाक्वीन. गरोदर बाईला ती चालत नाही. काही माणसांच्या रक्तात जन्मापासूनच एक संरक्षक घटक कमी असतो, त्यालाच जी-सिक्स-पीडीची कमतरता म्हणतात. अशा रक्तातल्या लाल पेशी या गोळीने फुटायला लागतात. आईची तपासणी करता येते, पण पोटातल्या बाळाचं रक्त कसं आहे हे कोण सांगणार? म्हणून गरोदरपणात ती देतच नाहीत. जाऊबाईंना मलेरियाच आहे हेही अजून ठरलेलं नाही. या दिवसांत डेंग्यू असतो, लघवीच्या जंतुसंसर्गाने ताप येतो, साधा विषाणूचा ताप असतो. मलेरिया असलाच तर कोणत्या जातीचा, यावर औषध बदलतं. व्हायवॅक्सला एक, फाल्सिपॅरमला अगदी दुसरं.

त्यांना आजच्या आज दवाखान्यात न्या. ओपीडीची वेळ टळून गेली असेल तर सिव्हिलला घेऊन जा, सकाळची वाट बघू नका. पाचव्या महिन्यातला मलेरिया म्हणजे नेहमीचा थंडीताप नव्हे. आईचं रक्त झपाट्याने कमी होतं, गर्भपात होऊ शकतो, बाळ कमी वजनाचं जन्मतं. बोटाच्या टोकाच्या एका थेंबावर पट्टीची तपासणी पंधरा-वीस मिनिटांत होते, सरकारी दवाखान्यात ती फुकट असते आणि मलेरियाची औषधंही फुकट मिळतात. गेल्या गेल्या दोन गोष्टी सांगायच्या: पाचवा महिना आहे, आणि घरात एकाला मलेरिया झालाय. तोवर तापासाठी त्यांच्या डॉक्टरांना विचारून नुसती पॅरासिटामॉल. ब्रुफेन किंवा ॲस्पिरिनसारखं दुखण्याचं काहीही नको. गरोदरपणात ते नकोच, आणि ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाची भीती असते.

आता मिस्टरांकडे येतो.

सोलापुरात औषधाच्या दुकानात उभं राहून मला तीसेक वर्षं होत आली. पावसाळा सरला की हा प्रश्न मी दरवर्षी ऐकतो, आणि शब्दही बहुतेक हेच असतात: ‘ताप तर गेलाय की, मग आता कशाला?’ विचारणारा माणूस आळशी नसतो. अंगात त्राण नसताना मागावर उभा राहिलेला असतो, खाडे पडलेले असतात, तोंड कडू झालेलं असतं. त्यात रोज एक गोळी, तीही ज्या दुखण्यासाठी दिली ते दुखणं दिसत नसताना. मला त्याचा राग कधी आला नाही. पण त्याला समजावल्याशिवाय मी कधी पाकीट हातात दिलं नाही, आणि आज तुम्हालाही तेच समजावतो.

दोन गोळ्यांची कामं वेगळी आहेत. मोठी क्लोरोक्वीन रक्तातल्या जंतूंना मारते. ताप या रक्तातल्या जंतूंमुळेच येतो, म्हणून ती घेतली की दोन-तीन दिवसांत माणूस उठून बसतो. पण व्हायवॅक्सची खोड अशी की त्याचे काही जंतू यकृतात जाऊन झोपून राहतात. तिथे ते ताप देत नाहीत, काही दुखत नाही, रक्त तपासलं तरी सापडत नाहीत. क्लोरोक्वीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. काही आठवड्यांनी, कधी सहा-आठ महिन्यांनी, ते जागे होऊन रक्तात उतरतात आणि नवा डास न चावताही तोच ताप पुन्हा येतो. यकृतातल्या त्या जंतूंना मारायचं काम प्रायमाक्वीनचं, आणि ते चार-सहा दिवसांत होत नाही. हे औषध 1952 पासून वापरात आहे. पुरी मात्रा पोटात गेली तरच त्याचा उपयोग होतो, हा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. म्हणजे मिस्टरांचा ताप ज्या गोळ्यांनी गेला त्या संपल्या. ताप परत येऊ नये म्हणूनच्या गोळ्या अजून चालू आहेत आणि त्यातल्या निम्म्यासुद्धा झालेल्या नाहीत.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. माझ्या विशीत मला हाच मलेरिया झाला होता. पोळ्याच्या सुमारास ताप आला, औषध घेतलं, बरा झालो, आणि सातव्या दिवशी उरलेल्या गोळ्या फडताळात टाकून दिल्या. त्या जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर मित्रांबरोबर उभा होतो. संध्याकाळी अंग थरथरायला लागलं. संक्रांतीची थंडी म्हणून मी स्वेटरची बटणं लावली. दात वाजायला लागले तेव्हा मित्राने कपाळाला हात लावला आणि मला रिक्षात घातलं. रक्तात पुन्हा व्हायवॅक्स. पुन्हा पहिल्यापासून सगळ्या गोळ्या, आणि पंधरा दिवसांचं काम बुडालं. फडताळातलं ते अर्धं पाकीट आईने आणून माझ्या उशाशी ठेवलं होतं, काही न बोलता.

म्हणून मिस्टरांना सांगा, गोळी बंद करायची नाही. पण त्याआधी आज एक फोन करायचा आहे. तुम्ही लिहिलंत की जी-सिक्स-पीडीची तपासणी राहिली. ही गोष्ट डॉक्टरांना माहीत नसेल. त्यांना वाटत असेल, लिहून दिली म्हणजे झाली असेल. फोन करून सरळ सांगा: तपासणी केली नाही, सहा दिवस गोळी झाली आहे, मळमळ आहे, बाकी काही नाही. पैशाची अडचण होती हेही सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सिव्हिलला किंवा जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात ती कुठे होईल ते तेच सांगतील. ही कमतरता बायकांपेक्षा पुरुषांत जास्त दिसते. मिस्टरांच्या भावाला किंवा सासूबाईंच्या माहेरच्या कुणा पुरुषाला एखाद्या औषधानंतर लघवी काळी होऊन कावीळ झाल्याचं घरात बोललं जात असेल, तर तेही सांगायचं. कमतरता निघाली म्हणून औषध कायमचं बंद होतं असंही नाही. डॉक्टर अशांना देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, अशा वेगळ्या हिशोबाने देतात. तो हिशोब मात्र त्यांचा, आपला नव्हे.

सहा दिवस काही झालं नाही हे चांगलं लक्षण आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवायला सांगा. आपल्याकडे इथे एक घोटाळा होतो. मागाच्या शेडमध्ये उकाडा, घामाने बनियन पिळून काढावं लागतं, पाणी कमी प्यायलं जातं. अशाने लघवी गडद पिवळी होते आणि माणूस उगाच घाबरतो. ती पिवळीच असते, आणि दोन-तीन तांबे पाणी पोटात गेल्यावर फिकी होते. धोक्याची लघवी पिवळी नसते. ती कोऱ्या चहासारखी, तांबूस काळपट दिसते. संडासातल्या पिवळ्या दिव्याखाली हा फरक कळत नाही. सकाळी पारदर्शक बाटलीत धरून उजेडात बघायला सांगा. असा रंग दिसला, डोळे पिवळे झाले, ओठ निळसर दिसले, जिना चढताना दम लागला किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर त्या क्षणी गोळी बंद आणि थेट सिव्हिल. ‘आधी पाणी पिऊन बघू’ असं तेव्हा करायचं नाही. पाकीट बरोबर न्यायचं. गोळी आपल्या मनाने बंद करायची वेळ ही एवढीच.

मळमळीचं. सासूबाईंना चुकीचं ठरवू नका, त्यांना मुलाचं तोंड उतरलेलं दिसतंय. पण ही मळमळ उष्णतेची नाही, बहुतेक वेळा रिकाम्या पोटी गोळी घेतल्याची असते. मी अंदाज करतो: सकाळी चहा, चहावर गोळी, की कारखाना. बरोबर ना? ही गोळी भरल्या पोटीच घ्यायची. जेवणाच्या मध्यावर किंवा जेवण झाल्या झाल्या. तिखट सोसत नसेल तर चार दिवस शेंगाचटणी बाजूला ठेवा. कडक भाकरी दुधात किंवा पातळ आमटीत कुस्करून भिजवली की तोंडाला चव नसतानाही जाते. मऊ भात चालेल, मुगाची खिचडी चालेल. सासूबाईंना थंड काही द्यावंसं वाटत असेल तर जेवणात ताक द्या, त्याने गोळीला काही बाधा येत नाही. उष्णतेचा उतारा म्हणून काढे किंवा झाडपाल्याचं औषध मात्र हे चौदा दिवस नको. पोटात कळ येऊन दुखत असेल किंवा रोज उलटी होत असेल तर ते डॉक्टरांना सांगायचंच.

गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती गोळी पोटात टिकली नाही असं धरतात आणि डोस पुन्हा द्यावा लागतो. दुकानात किंवा दवाखान्यात विचारून मगच द्या. त्यानंतर उलटी झाली तर आपल्या मनाने दुसरी गोळी देऊ नका.

पाळी बदलते हीसुद्धा अडचण आहे, आणि चिठ्ठी लिहिताना ती कुणाच्या लक्षात येत नाही. दिवसपाळीत सकाळी घेणारा माणूस रात्रपाळीत सकाळी येऊन आडवा होतो आणि दुपारी उठतो, गोळी राहते. घड्याळाला बांधण्यापेक्षा ती अशा जेवणाला बांधा जे दोन्ही पाळ्यांत साधारण त्याच वेळेला होतं. बहुतेक घरांत ते संध्याकाळचं असतं. सकाळवरून संध्याकाळवर न्यायची असेल तर कशी न्यायची ते त्याच फोनवर विचारून घ्या. एखादा दिवस विसरले तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा जेवून घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन एकदम घेऊ नयेत, रोजची एकच घ्यावी आणि राहिलेली शेवटी वाढवावी, म्हणजे एकूण मात्रा पुरी होते. माझं हे उत्तर वाचेपर्यंत त्यांनी दोन-तीन दिवस बंद केलीच असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. लपवून पुढे चालू करू नका.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज गोळी गिळून झाल्यावर खूण करा. आधी नाही, झाल्यावर. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या बायकोने चौदाच्या चौदा खुणा पहिल्याच दिवशी करून ठेवल्या होत्या, हौसेने, आणि नवव्या दिवशी कुणालाच सांगता येईना की आजची झाली की राहिली.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी पाकीट हातात घेऊन बघा. प्रायमाक्वीन बाजारात 2.5, 7.5 आणि 15 मिलिग्रॅमची मिळते. मोठ्या माणसाला साधारण रोज 15 मिलिग्रॅम देतात, वजनाप्रमाणे. पाकिटावर 15 असेल तर रोज एक बरोबर. 7.5 असेल तर रोज दोन लागतील, आणि एकच घेतली जात असेल तर सहा दिवस अर्धाच डोस गेला. ही चूक मी डोळ्यांनी पाहिली आहे. चिठ्ठीवर 15, पाकिटावर 7.5, आणि देणाऱ्याने ‘रोज एक’ एवढंच सांगितलेलं. चिठ्ठी आणि पाकीट शेजारी ठेवा, आकडा जुळत नसेल तर आजच्या फोनमध्ये हेही विचारा. क्लोरोक्वीनचाही असाच घोळ आहे. पाकिटावर 250 असतं पण त्यात खरं औषध 150 मिलिग्रॅम. म्हणून चिठ्ठीवर 600 लिहिलेलं असलं की चार गोळ्या होतात, आणि हिशोब जुळेना म्हणून लोक मनानेच दोन-अडीच घेतात. तुमच्या मिस्टरांचं चार-चार-दोन बरोबर होतं.

त्या तीन दिवसांत ॲसिडिटीचं पातळ औषध लगेच वरून घेतलं, हे बरोबर नव्हतं. ते औषध क्लोरोक्वीनला पोटात धरून ठेवतं, रक्तात कमी जाऊ देतं. दोघांमध्ये निदान चार तास हवेत. ताप तिसऱ्या दिवशी उतरला म्हणजे पुरेसं औषध पोचलं असण्याचीच शक्यता जास्त, पण डॉक्टरांना हे कळू द्या. ते रक्त पुन्हा बघायचं ठरवतील कदाचित. आणि पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत थंडीताप आला तर घरी थांबू नका, पहिल्या दिवशीच रक्त द्या, आणि ‘मागे व्हायवॅक्स झाला होता’ हे आपणहून सांगा.

मिस्टरांना डोळ्यांसमोर धूसर दिसतंय किंवा अंगाला खाज सुटते अशी तक्रार होती का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण क्लोरोक्वीनने काहींना होते. गोळ्या संपल्यावर जाते. दिसायला पूर्ववत झालेलं नसेल तर त्यांना मागावर उभं करू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

क्लोरोक्वीनच्या काही गोळ्या घरात शिल्लक असतील तर त्या लहान मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो. लहान मुलाचा जीव जायला त्या फार लागत नाहीत. एक-दोनसुद्धा पुरतात. फळीवर नाही, चहाच्या डब्यामागे नाही, उशीखाली तर नाहीच. गरज संपलेल्या गोळ्या दुकानात आणून द्या. ‘पुढच्या वेळी लागतील’ म्हणून ठेवायच्या नाहीत, आणि शेजारी कुणाला ताप आला म्हणून द्यायच्या नाहीत. फाल्सिपॅरमच्या रुग्णाला या गोळ्यांवर दोन दिवस काढावे लागले तर तेवढ्यात आजार मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

डासांचं थोडक्यात सांगतो. एका घरात एकाला झाला आणि दुसरीला कणकण आहे म्हटल्यावर डास जवळपासच असणार. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून प्रत्येक घरात बॅरल, हौद, गच्चीवर टाकी. मलेरियाच्या शहरी डासाला हेच स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं, गटारीचं नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून घासून कोरडी करायची. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी बॅरल तसंही तळाला गेलेलं असतं, तेव्हाच घासा. भरल्यावर जुनं सुती लुगडं दुहेरी करून तोंडाला बांधा. पाण्यात अळ्या दिसल्या तर नीट बघा: पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या असतील तर त्या मलेरियाच्या डासाच्या. डोकं खाली करून लटकत असतील तर दुसऱ्या डासांच्या. दोन्ही ओतूनच द्यायच्या, पण आडव्या दिसल्या तर आशाताईंना बोलावून दाखवा. जाऊबाई आणि मिस्टर दोघंही मच्छरदाणीत झोपू द्या, मिस्टर दिवसा झोपत असले तरी.

आज करायचं ते एवढंच: जाऊबाईंना दवाखाना, मिस्टरांच्या डॉक्टरांना फोन, आणि डॉक्टर चालू ठेवा म्हणाले की संध्याकाळच्या जेवणानंतर आजची गोळी. जाऊबाईंच्या रक्तात काय निघालं ते मला नक्की कळवा, मी वाट बघतो.